नवी रॅम टाकली की स्क्रीन काळी, काढली की लॅपटॉप चालू : नेमकं बघायचं काय

कॉलेजच्या ॲडमिशन आटपल्या की सांगलीत, विश्रामबागला आमच्या टेबलावर हाच प्रॉब्लेम परत परत येतो. लॅपटॉप सेकंडहँड नाहीतर रिफर्बिश्ड, आत ४ जीबी रॅम, क्रोमच्या चार टॅब उघडल्या की मशीन गुदमरतंय, मग पोरगं ऑनलाइन ८ जीबीची स्टिक मागवतं, घरीच खालचं झाकण उघडून बसवतं आणि बटण दाबलं की पंखा फिरतो, लाईट लागते, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. जुनी परत टाकली की सगळं झकास. मग निकाल ठरलेला, "दादा, रॅम डेड आलीय, रिटर्न टाकतो." रिटर्न टाकून दुसरी येते, ती पण तशीच, मग म्हणायचं लॅपटॉपचा स्लॉटच गेलाय.

बहुतेक वेळा दोन्हीपैकी काहीच गेलेलं नसतं लगा. स्टिक चांगली, स्लॉट चांगला, दोघांचं एकमेकांशी जमत नाही एवढंच. कारण खरेदी झालेली असते सायकलची ट्यूब मागावी तशी, "एक डीडीआर३ ८ जीबी द्या". डीडीआर३ हा रॅमचा प्रकार आणि ८ जीबी ही क्षमता, या दोन गोष्टी सांगून निम्मीच माहिती होते, उरलेली निम्मी जुन्या स्टिकच्या स्टिकरवर छापलेली असते आणि ती कोणी वाचत नाही.

पण स्टिकर नंतर, आधी रॅमला शिव्या न देता दोन गोष्टी करा.

पहिली म्हणजे थांबा. नवी रॅम टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्ड त्या स्टिकशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. डीडीआर४ ला हे सहसा पटकन होतं, डीडीआर५ ला मात्र एक-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त पण लागतात. दहा सेकंदात बटण दाबून बंद केलं की पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. तेव्हा चार्जर लावून पाच मिनिटं हात न लावता ठेवायचं, मध्येच तो आपला आपण एकदा बंद होऊन चालू झाला तरी घाबरायचं नाही.

दुसरी म्हणजे स्टिक नीट बसलीय का. यात लई जण फसतात कारण अर्धवट बसलेली स्टिक वरून बसल्यासारखीच दिसते. आधी चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर काढा, आतली असेल तर तिचा कनेक्टर बोर्डावरून सोडवा (लेनोव्होच्या थिंकपॅडला बायोसमध्येच, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यात, आतली बॅटरी तात्पुरती बंद करायचा पर्याय असतो, तो वापरा), मग पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो. आता स्टिक साधारण तीस अंशात तिरकी धरून स्लॉटमध्ये सरळ आत ढकलायची, आणि इथं नजर सोनेरी पट्टीवर ठेवायची. पूर्ण आत गेली की सोनेरी दातांची जेमतेम बारीक रेघ बाहेर दिसते, एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी दिसत असेल तर ती वाकडी गेलीय. मग वरून खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या पत्र्याच्या क्लिपा टक करून बसल्या पाहिजेत. एकच टक आला तर काढून परत. आत ढकलायच्या आधी खालीच दाबली तर ती क्लिपमध्ये अडकते पण दात लागत नाहीत, आणि काळी स्क्रीन मिळते.

एवढं करून पण चालत नसेल तर आता अदलाबदल. जुनी काढून टाका, नवी एकटीच पहिल्या स्लॉटमध्ये. मग नवी एकटीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग जुनी एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये. जुनी दोन्ही स्लॉटमध्ये चालतेय आणि नवी कुठंच नाही, तर स्लॉट शाबूत आहेत, नवी जमत नाही किंवा खरंच खराब आहे. नवी एका स्लॉटमध्ये चालतेय आणि दुसऱ्यात जुनीसुद्धा चालत नाही, तर स्लॉटकडे बघायचं. एकेकट्या दोन्ही चालतात पण एकत्र टाकल्या की काळं, तर भांडण त्या दोन स्टिकांचं आहे. हे न करता थेट रिटर्न टाकणं म्हणजे अंधारात दगड मारणं. आणि हो, काही जुन्या मॉडेलात एक स्लॉट खालच्या झाकणाखाली आणि दुसरा कीबोर्डखाली असतो, खाली एकच दिसला म्हणून एकच आहे असं धरून चालू नका.

आता स्टिकर.

मागं तासगावचा एक डिप्लोमाचा पोरगा इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा लॅपटॉप घेऊन आला, रिफर्बिश्ड पण मशीन चांगलं ठेवलेलं. नवी स्टिक अजून खोक्यात. म्हणाला, "दादा, सगळं बघूनच घेतली, डीडीआर३ आहे, १६०० आहे, लॅपटॉपचीच आहे, डेस्कटॉपची नाही." सगळं खरं होतं. दोन्ही स्टिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यालाच वाचायला लावलं. जुनीवर होतं पीसी३एल-१२८००एस, नवीवर पीसी३-१२८००एस. मधला एक एल गायब. बाकी आकडे, आकार, खाच, सगळं सारखं, म्हणून स्लॉटमध्ये बसली पण मस्त.

तो एल म्हणजे लो व्होल्टेज. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत बोर्ड फक्त १.३५ देतो, आणि १.५ वाली स्टिक तेवढ्यावर उठतच नाही. उलट बाजूनं मात्र अडचण नाही, एल वाली स्टिक १.५ पण चालवून घेते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा लॅपटॉप असला तरी मी एल वालीच घ्या म्हणतो, तिथं चालते आणि उद्या दुसऱ्या मशीनला पण लागते. त्या पोराची स्टिक दुकानदारानं बदलून दिली म्हणून बरं, नाहीतर गेले पैसे.

स्टिकरवरचं बाकीचं पण एकदा समजून घ्या, अवघड नाही. पुढं १२८०० म्हणजे १६०० चा स्पीड, १०६०० म्हणजे १३३३ चा. शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची छोटी स्टिक, तिला सो-डिम म्हणतात, तिथं यू असला तर ती डेस्कटॉपची लांब स्टिक, ती बसणारच नाही. डीडीआर४ वर थेट स्पीडच छापलेला असतो, पीसी४-२४००टी, पीसी४-२६६६व्ही, पीसी४-३२००एए असं. त्यात व्होल्टेजचा घोळ नाही, सगळ्या १.२ वर. पिन मोजायची हौस असेल तर डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२, आणि खाच प्रत्येकाची वेगळ्या जागी, त्यामुळं एकात दुसरी जातच नाही. जात नसेल तर जोर लावू नका. स्लॉटचा मधला दात मोडून आणलेले लॅपटॉप बघितलेत, तिथं मग रॅमचा नाही, बोर्डाचा खर्च निघतो.

स्पीडची काळजी लोक उगाच जास्त करतात. २४०० वाल्या मशीनमध्ये ३२०० ची डीडीआर४ टाकली तर ती २४०० नं चालेल, बिघडत काही नाही. एक २६६६ आणि एक ३२०० असली तर दोन्ही २६६६ वर येतात. फक्त गेमिंगच्या नावानं मिळणाऱ्या काही स्टिकांचा खोक्यावरचा मोठा आकडा एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे स्टिकमध्येच साठवलेली जादा स्पीडची सेटिंग, चालू केल्यावरच मिळतो, आणि बहुतेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ती सोयच नसते, मग ती बिचारी आपल्या साध्या स्पीडवर पळते. जादा पैसे वाया, एवढंच.

खरा दगा आहे तो स्टिकरच्या अगदी सुरुवातीच्या १आरx८, २आरx८ या भागात, म्हणजे रँक (चिपांचे गट किती) आणि चिपची रुंदी (एक चिप एका वेळी किती बिट देते). नव्या मशीनला याचा फारसा फरक पडत नाही. जुन्याला पडतो. पहिल्या पिढीचा आय३, आय५ किंवा त्याआधीचा कोअर २ ड्युओ डीडीआर३ वाला लॅपटॉप अजून घराघरात आहे, झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींकडं हमखास. त्याला ४ जीबीची स्टिक लागते ती २आरx८ वाली, दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेली. आता बाजारात ४ जीबी म्हणून मिळते ती बहुतेक १आरx८, आठच चिपा, पण प्रत्येक चिप दुप्पट क्षमतेची. जुन्या मेमरी कंट्रोलरला, म्हणजे रॅम हाताळणाऱ्या भागाला, एवढ्या क्षमतेची चिप वाचताच येत नाही, मग एकतर काळी स्क्रीन नाहीतर ४ च्या जागी २ जीबी दिसते. दुकानदार म्हणतो ४ जीबीच दिलीय, गुरुजी म्हणतात २ च दिसतंय, आणि दोघंही खरं बोलत असतात! अशा मशीनसाठी नवीपेक्षा जुन्या लॅपटॉपातून काढलेली सोळा चिपांची स्टिक शोधा, स्वस्त पण पडते. रॅमला झीज अशी नसते, काढलेली आहे म्हणून नाक मुरडू नका, टेस्ट करून घ्या म्हणजे झालं.

तीच गोष्ट एका स्टिकच्या कमाल क्षमतेची. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीला एका स्लॉटमध्ये ८ जीबीच्या वर चालत नाही, १६ ची एकच डीडीआर३एल स्टिक टाकून मोकळं होऊ म्हणाल तर नाही होणार, दोन ८ च्या टाका. सेलेरॉन एन३०६०, पेंटियम एन३५४० असल्या प्रोसेसरची एकूण हद्दच ८ जीबी आहे. प्रोसेसरचं नाव इंटेलच्या साईटवर टाकलं की कमाल मेमरी आणि कुठली डीडीआर ते लिहिलेलं असतं, मग लॅपटॉपच्या मॉडेलचं मॅन्युअल बघायचं, दोन्हीत जो आकडा लहान तो धरायचा. कधीकधी कंपनी मॅन्युअलमध्ये कमी लिहिते आणि प्रत्यक्षात जास्त चालतं, पण ते स्वतःच्या जबाबदारीवर आणि दुकानदार परत घेणार असेल तरच.

पिढी कळली म्हणून डीडीआर कळली असंही समजू नका. सहाव्या पिढीचा तोच आय५-६२००यू एका लॅपटॉपात डीडीआर३एल घेऊन येतो, दुसऱ्यात डीडीआर४. बाराव्या-तेराव्या पिढीत तर डीडीआर४, डीडीआर५ आणि बोर्डावर चिकटवलेली, तिन्ही प्रकार सापडतात. मॉडेलच्या नावातलं एक अक्षर पण नडतं, थिंकपॅड टी४४०पी ला दोन स्लॉट, १६ जीबीपर्यंत, आणि टी४४०एस ला ४ जीबी बोर्डावर सोल्डर करून वर एकच स्लॉट, म्हणजे १२ च्या पुढं नाही. नावात पी का एस हे न बघता कोणी दोन ८ च्या घेतल्या तर एक घरात शोभेला.

सोल्डरचं म्हणाल तर खरेदीच्या आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. फॉर्म फॅक्टरसमोर सोडिम लिहिलं असेल तर स्टिक आहे, रो ऑफ चिप्स असं काही असेल तर चिपा बोर्डावरच बसवल्यात. तिथंच स्लॉट दोनपैकी एक वापरात असं पण येतं, पण त्यावर डोळे झाकून विश्वास नको, सोल्डर केलेल्याला पण ते कधी स्लॉट म्हणून मोजतं. एलपीडीडीआर नाव दिसलं तर जवळजवळ नक्कीच सोल्डर, आपल्याकडं येणाऱ्या लॅपटॉपांत तरी ती सुट्या स्टिकची दिसत नाही. पातळ लॅपटॉप घेताना म्हणूनच आधी १६ जीबी घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण "नंतर वाढवू की" म्हणतो.

आता दुसऱ्या तऱ्हेची तक्रार, लॅपटॉप चालू होतो पण रॅम कमी दिसते. ८ टाकली आणि वापरण्याजोगी ३ जीबीच्या आसपास दाखवतंय तर विंडोज ३२ बिटची आहे, रॅमचा काही संबंध नाही, ६४ बिटची टाका. बायोसमध्ये पूर्ण दिसतेय पण विंडोजमध्ये नाही आणि विंडोज ६४ बिटचीच आहे, तर विंडोजचं एमएसकॉन्फिग हे सेटिंग उघडून बूटमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये मॅक्झिमम मेमरीला टिक आहे का बघा, "स्पीड वाढवायची ट्रिक" म्हणून कोणीतरी तो टिक करून ठेवलेला असतो, तो काढा. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरच्या मशीनमध्ये ८ पैकी ५.९ दिसली तर २ जीबी ग्राफिक्सनं आधीच राखून ठेवलेत. बायोसमध्येच कमी दिसत असेल तर मात्र परत वर जा, स्टिक बसवणं आणि चिपांचं प्रकरण.

तिसरी तक्रार सगळ्यात त्रासाची. चालू होतो, पूर्ण दिसते, आणि दोन दिवसांनी निळा स्क्रीन, मेमरी मॅनेजमेंट नाहीतर आयआरक्यूएल वगैरे काहीतरी लिहिलेला, किंवा व्हिडिओ बघता बघता मशीन गोठतं. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नोस्टिक आहे पण ती वरवरची, पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर टाकून रात्रभर लावा. चार्जर जोडून ठेवा, पहाटे लाईट गेली की टेस्ट अर्धवट. एक जरी लाल एरर आली तरी ती स्टिक नको, "एकच तर आहे" असं चालत नाही इथं. एररमध्ये कुठली स्टिक ते कळत नाही म्हणून एकेक लावून परत टेस्ट. एकेकटी दोन्ही स्वच्छ आणि एकत्र असताना एरर, तर त्यांची टायमिंग जुळत नाहीत. बायोस अपडेट करून बघा, नाही जमलं तर एकाच पार्ट नंबरच्या दोन घ्या.

जोडी घ्यायचा अजून एक फायदा म्हणजे ड्युअल चॅनल, प्रोसेसर दोन्ही स्टिकांशी एकाच वेळी काम करतो. अकराव्या पिढीच्या बऱ्याच आय५ मध्ये आयरिस एक्सई ग्राफिक्स असतं, पण रॅमची एकच स्टिक असली की विंडोज त्याला नुसतं यूएचडी म्हणून दाखवतं आणि ग्राफिक्सची ताकद पण कमी होते. दुसरी स्टिक टाकली की तेच आयरिस होतं. ४ च्या जोडीला ८ टाकली तरी थोडं काम भागतं, सारख्या हिश्श्याला ड्युअल आणि उरलेल्याला सिंगल.

घ्यायची कुठून? सांगली-मिरजेत साधा माल मिळतो, अडलंच तर पुण्याला तपकीर गल्ली, तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. कुठंही घ्या, जुनी स्टिक हातात घेऊन जा, दुकानातच बसवून चालू करून बघा, आणि जमली नाही तर बदलून मिळेल हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली, त्यामुळं फार स्वस्त दिसली की जास्त बघा. बसवल्यावर सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून एसपीडी टॅबमध्ये आलेला पार्ट नंबर स्टिकरवरच्या नंबराशी जुळवा, स्टिकर कुणीही छापतं.

आणि आपल्याकडचं खास एक. सांगलीत नदीकाठच्या पेठांत, नाहीतर तिकडं पाटण, जावळीला पावसाळ्यात दमट हवेत महिनोन् महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपच्या रॅमचे दात काळपट पडतात. मग जुनीच स्टिक पण अधूनमधून दगा देते, हलवून बसवली की चालते, आठवड्यानं परत तेच. मऊ पांढऱ्या खोडरबरानं दात हलक्या हातानं पुसा, चुरा पूर्ण झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर कापसानं शेवटचा हात फिरवा आणि वाळू द्या. स्लॉटमध्ये रबर, टाचणी, फुंकर काही नको, फुंकरीतली ओल आतच बसते. २०१९ नाहीतर २०२१ च्या पुरात भिजलेलं मशीन असेल तर नवी रॅम घेण्याआधी स्लॉटच्या पिना टॉर्च मारून बघा, हिरवा-पांढरा थर दिसला तर खर्च थांबवा आणि आधी बोर्ड दाखवा.

विचारायचं असेल तर नुसतं "माझा लॅपटॉप अमुक कंपनीचा आहे, कुठली रॅम बसेल" असं नको. जुन्या स्टिकच्या स्टिकरचा जवळून काढलेला फोटो, लॅपटॉपच्या तळाचं पूर्ण मॉडेल, टास्क मॅनेजरच्या मेमरीचा स्क्रीनशॉट, आणि अदलाबदल करून कुठल्या स्लॉटमध्ये काय झालं, एवढं पाठवा. तळाचं स्टिकर उडालेलं असेल तर बायोसमध्ये मॉडेल सापडतं.